अंगणाचं तीर्थ

"आता तरी मंत्र द्याल ना, बाबा?"

गोसावीबाबांचे पाय धुता धुता तुळाजीनं विचारलं. तीन वर्षं तो मागे लागला होता, तेव्हा कुठं आज बाबा त्याच्या घरी आले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. पाय धुतलेलं पाणी तुळाजीनं तीर्थ म्हणून ओंजळीनं प्यायलं, उरलेलं डोक्याला लावलं.

बाबा दाराबाहेर बघत होते.

"अंगण लखलखीत आहे रे."

तुळाजी फुलला. "मीच धुतलं, बाबा. सकाळी टेम्पोचं तेल बदललं, पार राडा झाला होता. तुम्ही येणार म्हणून पुडाभर साबण ओतला. राहिलेलं पावसानं नेलं."

"कुठं नेलं?"

"गटारात."

"आणि गटार?"

"ते... खालच्या आळीच्या तळ्याला."

"हं..."

आतून सिंधू बोललीच. "रोज सांगते, बाबा. तेलावर भुसा टाका, मग भरून घ्या. गाडी मागं गवतावर धुवा. हे नवरोबा ऐकतील तर शपथ!"

"गप गं! बाबांसमोर..."

बाबा हसले. "हिला सोडून माझ्यामागं कशाला लागलास?"

गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश उठले, नि भिजत भिजत अंगणाच्या टोकाला गेले. तिथून पाणी गटारात पडत होतं. वर तेलाची रंगीत साय.

बाबा उकिडवे बसले. ओंजळ धरली. भरली. तोंडाशी नेली...

तुळाजी अनवाणीच धावला. दोन्ही हातांनी त्यानं बाबांचं मनगट धरलं.

"नका, बाबा! विष आहे ते!"

"असं कसं? तुझ्या अंगणाचं तीर्थ आहे."

तुळाजीची नजर गटाराच्या उतारावरून खाली गेली. खालच्या आळीतल्या बायका त्याच तळ्यावर हंडे भरतात, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? जन्मापासून बघत होता...

सिंधूनं भुशाचं पोतं ओढत आणलं. तुळाजीनं ते गटाराच्या तोंडाशी आडवं टाकलं, पायानं दाबून बसवलं. मग तिथंच चिखलात उभा राहिला.

"मग... मंत्र, बाबा?" आवाज अगदी खाली आला होता.

बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. तेही ओलंच. त्यानंच ते लेकराचं पुसावं तसं तुळाजीचं डोकं पुसत राहिले.

"खालच्या आळीत जा. कुठल्याही दारात तांब्याभर पाणी माग. न कचरता पिता आलं... की ये."