खोटारड्याचा उपास

त्या राज्यात पाणी एकाच तळ्यात उरलं होतं, आणि तिथे पोहोचायला तर्कशास्त्र यावं लागे.

वेशीपाशी रस्त्याला दोन फाटे फुटत. एक तळ्याकडे जाई, दुसरा लांडग्यांच्या घळीकडे. फाट्यावर दोन कोल्हे बसलेले असत आणि त्यांच्या डोक्यावर पाटी होती: ‘यांतला एक नेहमी खरं बोलतो, दुसरा नेहमी खोटं. एका तांड्याने एकच प्रश्न विचारावा.’ पाटी कोणी लावली, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो एकुलता एक प्रश्न त्यातच खर्ची पडला असता.

हे कोडं सोडवलं साळू नावाच्या साळिंदरीने. ‘तळ्याचा रस्ता कोणता, हे दुसऱ्या कोल्ह्याला विचारलं तर तो काय सांगेल?’ असं कुठल्याही कोल्ह्याला विचारायचं आणि तो सांगेल त्याच्या उलट जायचं. कोल्हे दर वेळी ‘उजवा’ म्हणत आणि तांडे डावीकडे जात. साळूचा सत्कार झाला. विद्वत्सभेचे अध्यक्ष बगळेशास्त्री एका पायावर उभे राहून तासभर बोलले.

गेलेलं मात्र कुणी परत आलं नाही. पाणीच इतकं गोड असेल, की कुणाचा पाय निघत नसेल, असं सभेने ठरवलं. डावीकडून लांडग्यांचे ढेकर ऐकू येत. बेडूक ओरडतायत, म्हणजे पाणी जवळच, असंही सभेने ठरवलं.

मग एके सकाळी साळूला फाट्यावर एक लांडगा दिसला. त्याच्या जबड्यात काटे रुतले होते आणि दोन्ही कोल्हे ते दातांनी अदबीने उपसत होते. काटे साळूच्या बहिणीचे होते. ती मागच्याच तांड्यातून गेली होती.

साळूने पुन्हा गणित मांडलं. दोघेही कोल्हे खोटारडे असतील, तर तिची युक्ती दर वेळी न चुकता घळीतच नेणार होती. थापा मारता मारता कोल्हे पाण्याचा रस्ता सांगून बसत होते आणि शहाणे तेवढा रस्ता टाळत होते. आणि आजच्या तांड्याची म्होरकी होती तिची लेक टाचणी, तर्कात पहिली आलेली.

भर दुपारी तांडा निघाला. साळू धापा टाकत पुढे घुसली आणि तिने दोन्ही कोल्ह्यांना एकदमच ओरडून विचारलं, “आत्ता दिवस आहे की रात्र?”

सवय ती सवय. दोघेही एका सुरात म्हणाले, “रात्र.”

“ऐकलंत?” साळू रडवेली झाली. “दोघंही लबाड आहेत! पाटीच खोटी आहे!”

तांड्याला निरोप द्यायला आलेल्या बगळेशास्त्रींनी दुसरा पाय खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“पाटी खोटी कशी असेल? आपण शाळेत तीच शिकवतो,” ते म्हणाले. “दोघांत एक सत्यवादी आहे, हे सिद्धच आहे. दोघेही रात्र म्हणतात. म्हणजे सत्यवादीही रात्र म्हणतो. तेव्हा ही रात्र आहे.”

“आणि दुसरा? तो खरं कसा बोलला मग?”

“खोटारड्याचा आज उपास असेल.”

सगळ्यांना पटलं. साळूने प्रश्न वाया घालवला म्हणून काहींनी नाकं मुरडली, पण रस्ता काय, पाठच होता. झाडांच्या ढोलीतून झोपलेल्या काजव्यांना उठवण्यात आलं आणि त्यांना उजेड दाखवायला पुढे घातलं. उन्हात त्यांचा उजेड कुणालाच दिसत नव्हता. तरी “वा, आता कसं लख्ख दिसतंय,” असं एक हरीण म्हणालं.

साळूने टाचणीला घट्ट धरलं. “बाळ, वर बघ गं. एकदा वर बघ. सूर्य डोक्यावर आहे.”

टाचणीने वर पाहिलं. उन्हाने तिचे डोळे दिपले, पाणी आलं. तिने ते पुसलं, आईचे हात हळूच सोडवले आणि ती काजव्यांच्या मागे डावीकडे वळली.

“आई, तू घरी जा,” ती मायेने म्हणाली. “आणि जपून हं. काळोख फार आहे.”