घागरीखालचा मालक

विषय : उंबरदरा गावात नव्या छतावर सात घागरी पाणी ओतून, ते छत बांधायला सांगणाऱ्याला खाली बसवण्याच्या चालीबाबत.
संदर्भ : म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकिकत. मूळ कागद उपलब्ध नाही.

आपण पाहुणे, म्हणून खुलासा करतो. इथली जुनी घरे माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. प्रत्येक माळवद पन्हळीकडे चार बोटे उतरते. पूर्वी तसे नव्हते, असे सांगतात.

यमाजी पाटलाला छतावर सोंगट्यांचा पट मांडायचा होता. लिंबाजी गवंड्याने त्याला असे माळवद करून दिले की वर ठेवलेली सुपारी हलेना. दोघेही खूश. माती चोपणारी लिंबाजीची बायको सगुणा तेवढी म्हणाली, "पाटील, थोडा उतार असू द्या. पाणी जाईल कुठं?"

"पाण्याला काय परगावी जायचंय? सुकेल तिथंच."

श्रावणात तीन दिवस झड लागली. मधोमध पाणी साचले. भाराने तुळई बोटभर वाकली. वाकली म्हणून तिथे आणखी पाणी आले, आले म्हणून ती आणखी वाकली. पावसामुळे पाटील पट घेऊन चौघांसह तिच्याच खाली बसला होता.

सगुणा कुदळ घेऊन वर चढली आणि पाण्याला वाट करायला कठडा फोडू लागली.

"माझा कठडा कोण फोडतंय?" पाटील ओरडत अंगणात आला. तमाशा बघायला चौघेही मागोमाग आले. तेवढ्यात तुळई मोडली. माळवद सगुणेसकट खाली, पटावर आले.

पाटलाच्या मुठीतली सोंगटी तिसऱ्या दिवशी बोटे उलगडून काढावी लागली. लिंबाजीने बायकोच्या चितेसमोर शपथ घेतली, "यापुढं छत करायला सांगणारा आधी त्याच्याखाली बसेल. मगच घरात पोरंबाळं येतील."

आजही सातव्या घागरीचे पाणी पन्हळीतून पडून संपेपर्यंत मालक खाली बसतो. उठून गेला, तर छत पुन्हा करतात.

दोन वर्षांपूर्वी अंगणवाडीला काँक्रीटचे छत झाले. सुपारी हलत नाही. गावाने घागरी भरल्या आणि इंजिनियर साहेबांना चटई अंथरली. साहेब म्हणाले, "नकाशा मंजूर आहे, मी कशाला बसू?" आणि जीपमध्ये बसले.

छताला उतार करून मिळावा, किंवा साहेबांनी येऊन बसावे, असा अर्ज गावाने दिला आहे. आज छतावर घोटाभर पाणी आहे. खाली सोळा मुले बसतात. अर्ज प्रलंबित आहे.