बोरघळची खरी गाडी आणि खोटी गाडी

बोरघळ गावात मुकिंदा नावाचा एक भोळा इंजिन ड्रायव्हर होता. ड्रायव्हर तो सोमवारी झाला. त्याआधी तो डेअरीत दुधाचे कॅन उचलायचा. एका हातात चाळीस लिटरचा कॅन घ्यायचा, आणि दुसरा हात रिकामा कशाला ठेवायचा म्हणून त्यातही एक घ्यायचा. अंगात ताकद भरपूर. सांगितलेलं ऐकायची सवयही भरपूर.

इंजिन होतं जनूकाकांचं. जनूकाका रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं खपून त्यांनी वाफेचं एक इंजिन घडवलं. उंची गुडघ्याएवढी. पण त्यात कोळसा खरा जळायचा, पाणी खरं उकळायचं आणि शिट्टी खरी वाजायची. शाळेच्या मैदानात त्यांनी गोल रूळ मांडले. शिडीसारखे दहा-दहा फुटांचे तुकडे, बोल्टांनी जोडलेले. इंजिनामागे दोन बुटके डबे. त्यांवर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं.

सगळं तयार होतं. अडचणी फक्त दोन होत्या. काकांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्यांना ते इंजिन चालवता येत नव्हतं. आणि सरपंच तात्यासाहेबांना त्याच मैदानात मंगल कार्यालय हवं होतं.

तात्यासाहेबांनी सांगून टाकलं, "रविवारी पंचायतीच्या सदस्यांना बसवून एक फेरी काढून दाखवा. बिनचूक निघाली तर रूळ राहतील. नाही निघाली तर सोमवारी उखडणार."

काकांची पुतणी वैजयंती नुकतीच इंजिनिअर झाली होती. गाडी ती सहज चालवू शकली असती. पण ती म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात नोकरीला जाणार. मग काय गाडीनं माझी वाट बघत बसायचं? गावाची गाडी गावात राहणाऱ्या माणसानंच चालवली पाहिजे." तिनं शाळेच्या फळ्यावर लिहिलं, 'ड्रायव्हर पाहिजे'. एकच माणूस आला. तो मुकिंदा.

शिकताना इंजिन मोडू नये म्हणून तिनं शाळेच्या कॉम्प्युटरवर हुबेहूब तसाच एक खेळ तयार केला होता. तेच इंजिन, तेच रूळ, तीच वाफ, पण सगळं पडद्यावर. त्याला ती सिम्युलेटर म्हणायची. गाव त्याला खोटी गाडी म्हणायचं. मैदानातली ती खरी गाडी.

सोमवारी जनूकाका म्हणाले, "मुकिंदा, एक गोष्ट कायम ध्यानात ठेव. आधी पाणी, मग आग. इंजिनाला पाणी पाजल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

"असं होय! आता नाही विसरणार, काका."

आणि तो खरंच विसरत नसे. सगळी पंचाईत तिथेच होती.

वैजयंतीनं त्याला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि ती खडू आणायला गेली. परत आली तर मुकिंदा कळशी घेऊन उभा. कळशी रिकामी. कीबोर्ड भरलेला.

"अरे देवा! हे काय केलंस?"

"पाणी पाजलं, वैजूताई. बरंच प्यायलं. सकाळपासून तहानलेलं असावं."

कीबोर्ड उन्हात वाळवला. त्यानंतर त्यातून 'ळ' कधी उमटला नाही. वैजयंती कपाळाला हात लावून म्हणाली, "मुकिंदा, पडद्यावरचं काहीही खरं नसतं. पाणी, आग, गाय, झाड, सगळी चित्रं. समोर काही आलं तरी थांबू नकोस. गाडी आरपार जाते."

गाडी आरपार जाते ही खरं तर तिच्या खेळातली चूक होती. दुरुस्त करायची राहून गेली होती. पण ते तिनं सांगितलं नाही. इंजिनिअर सहसा सांगत नाहीत.

"असं होय! आता नाही विसरणार."

मंगळवारी खऱ्या गाडीवर पहिला धडा. काकांनी इंजिन पेटवलं, मुकिंदा डब्यावर बसला, गाडी निघाली. इतकी झोकात निघाली, की काकांनी टोपी काढून हवेत उडवली. वळणावर पोलीस पाटलांची म्हैस रुळावर बसून रवंथ करत होती.

"मुकिंदा, म्हैस!" काका ओरडले.

"दिसली, काका!"

"मग थांब की!"

"चित्र आहे, काका! आरपार जाते!"

गाडी आरपार गेली नाही. इंजिन म्हशीला धडकलं आणि कुशीवर पडलं. म्हशीनं मान वळवून पाहिलं, एकदा कान हलवला आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. इंजिनाचा पुढचा दांडा वाकला. तो सरळ करायला काकांना अख्खी दुपार लागली.

हातोडी मारता मारता काका म्हणाले, "समोर जीव दिसला की थांबायचं. खाली उतरायचं. धरून बाजूला न्यायचं. मगच पुढे. कळलं?"

"असं होय! आता नाही विसरणार."

बुधवारी खोटी गाडी. पडद्यावर रुळाच्या मधोमध एक म्हातारा उभा होता. वैजयंतीनं गंमत म्हणून काकांचंच चित्र काढलं होतं. पांढऱ्या मिशा, निळा डगला. मुकिंदानं गाडी थांबवली. खुर्चीवरून खाली उतरला. आणि चालत काकांच्या घरी गेला.

काका जेवायला बसले होते. ताटात भाकरी आणि पिठलं. मुकिंदानं त्यांना काखेत धरून उचललं आणि गोठ्यात नेऊन उभं केलं.

"अरे, हे काय चाललंय?"

"काका, तुम्ही रुळावर उभे होतात. थोडक्यात वाचलात."

शाळेत येऊन त्यानं पडद्यावर पाहिलं. म्हातारा तिथेच. मुकिंदा पुन्हा गेला. काका गोठ्यातून येऊन नुकते खुर्चीवर टेकले होते. या वेळी त्यानं त्यांना अंगणात नेलं. परत आला, तर म्हातारा रुळावर. "केवढा हट्टी माणूस!" असं म्हणत मुकिंदा तिसऱ्यांदा निघाला. या खेपेला त्यानं काकांना थेट गावाच्या वेशीपर्यंत नेऊन सोडलं. काकांच्या हातात भाकरीचा अर्धा तुकडा तसाच होता.

"गाढवा!" काका तिथूनच गरजले. "जेवणाऱ्या माणसाला जागचं हलवू नये, एवढीही अक्कल नाही तुला? काही झालं तरी हलवायचं नाही!"

"असं होय! आता नाही विसरणार."

गुरुवारी रंगीत तालीम. शाळेच्या मुख्याध्यापिका कानडेबाई हौसेनं मागच्या डब्यावर बसल्या. वाफ भरली, शिट्टी झाली. मुकिंदानं मागे वळून पाहिलं. बाई पेरू खात होत्या.

तो खाली उतरला, डब्यांची कडी सोडली, डबे तिथेच ठेवले आणि इंजिनावर दोन्ही पाय वर धरून, तोल सावरत, एकटाच फेरी मारून आला. बाई जिथल्या तिथे. पेरूही संपत आलेला.

"मुकिंदा," कानडेबाई म्हणाल्या, "गाडी गेली वाटतं?"

"हो बाई. तुमचं चालू द्या सावकाश."

वैजयंती धावत आली. "रविवारी असं केलंस ना, तर रूळ गेलेच म्हणून समज! काकांची अकरा वर्षं मातीत जातील. अरे, प्रवासी खाऊ दे, झोपू दे, नाचू दे, तुला काय करायचंय? शिट्टी झाली की गाडी सुटली पाहिजे!"

"असं होय! आता नाही विसरणार."

शुक्रवारी मुकिंदा वाफ भरलेल्या गाडीवर बसला होता आणि काका तेलाचा डबा घेऊन चाकाशी वाकले होते. शाळेशेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. गाडी सुटली. काका तेल सोडत राहिले, चाक निघून गेलं. तीन शिट्ट्या झाल्या, तीन फेऱ्या झाल्या. घरातल्या बाईनं गॅस बंद केला तेव्हा कुठे गाडी थांबली.

"आपल्या इंजिनाची शिट्टी रे! कुकरची नाही!" काकांचा आवाज रडवेला झाला होता. "वैजू, याच्या हातात दे म्हणालीस म्हणून दिलं मी. आता उद्याचा एक दिवस उरलाय."

वैजयंतीनं त्यांच्या हातातला तेलाचा डबा घेतला आणि उरलेल्या चाकांना तेल घातलं.

शनिवारी मुकिंदा पुन्हा खोट्या गाडीपुढे बसला. पाणी पाजायचं ते बटणानं पाजलं. म्हातारा आला, त्यातून गाडी आरपार नेली. शिट्टी वाजवली, फेरी पूर्ण केली. पडद्यावर 'शाबास!' उमटलं. मुकिंदाला इतका आनंद झाला, की त्यानं आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. वैजयंती आली तेव्हा एकसष्टावी चालू होती.

"अरे, इथेच गरगर किती फिरशील? एक फेरी बिनचूक झाली की तिथे थांबायचं नसतं. रूळ उचलायचे आणि पुढच्या टप्प्यात मांडायचे."

"पुढचा टप्पा कसला?"

"मागच्याहून अवघड." तिनं बटण दाबून दाखवलं. रुळांचा अर्धा गोल सुटला आणि डोंगराकडे वळला. "हा बघ, बोगदा. एका तोंडानं आत शिरायचं, दुसऱ्या तोंडानं बाहेर यायचं. असं पुढे पुढे जायचं. माणसानं एका जागी समाधान मानूच नये!"

"असं होय! आता नाही विसरणार."

रविवार उजाडला. सगळा गाव मैदानात. पंचायतीचे सहा सदस्य डब्यांवर बसले, पाय आखडून, धोतरं सावरून. सगळ्यात मागे तात्यासाहेब. त्यांच्या खिशात पेढे होते आणि ते एकेक तोंडात टाकत होते. काकांनी डोळे मिटून घेतले.

मुकिंदानं आधी पाणी पाजलं. मग आग वाढवली. पोलीस पाटलांची म्हैस रुळावर आली होती, तिला उतरून बाजूला नेलं. तात्यासाहेब खात होते, त्यांना खाऊ दिलं. शेजारी कुकरची शिट्टी झाली, तो हलला नाही. इंजिनाची शिट्टी झाली, तो सुटला. आठवडाभरात पहिल्यांदाच प्रत्येक सूचना आपापल्या जागी पडली. गाडी अख्खी गोल फिरली आणि जिथून निघाली होती तिथेच, टिचभरही न चुकता, येऊन थांबली.

काकांनी डोळे उघडले. "झाली?"

"झाली, काका!" वैजयंती म्हणाली आणि तिनं कानडेबाईंनाच मिठी मारली. पोरांनी असा गलका केला, की म्हैस उधळली.

मग सगळा गाव ग्रामसभेसाठी देवळाच्या सभामंडपात गेला. तात्यासाहेब उभे राहिले. बालरेल्वेची कल्पना मुळात आपल्याला कशी लहानपणीच सुचली होती, हे त्यांनी दोन तास सांगितलं. मंगल कार्यालयाचं नाव कुणी काढलं नाही, त्यांनी तर नाहीच. शेवटी ते म्हणाले, "ठराव लिहा, भाऊसाहेब. कडक लिहा. पुढे कुणाला पळवाट राहता कामा नये."

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "बालरेल्वेचे रूळ आजच्या सायंकाळी ज्या जागी आहेत, त्या जागेवरून ते कोणीही, कोणत्याही कारणाने, कधीही हलवू नयेत."

टाळ्या पडल्या. सह्या झाल्या. शिक्का बसला. काका सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते.

"मुकिंदा कुठंय?" वैजयंतीनं विचारलं. "हार त्याला घालायचाय."

मुकिंदा सभेत नव्हता.

ठरावाची वही कपाटात ठेवायला तात्यासाहेब पंचायतीच्या कचेरीकडे निघाले. मागे भाऊसाहेब, मागे काका, मागे हार घेतलेली वैजयंती. कचेरी मैदानाला लागूनच होती. तिला दोन दारं. एक पुढे, एक मागे.

पुढच्या दाराच्या पायरीवर शाळेचे बाक उतरते टाकले होते. त्यांच्यावरून रूळ वर चढत होते, उंबऱ्यावरून आत शिरत होते, टेबलाच्या दोन पायांमधून जात होते, कपाटाला घासून वळत होते आणि मागच्या दारानं बाहेर पडून मैदानात उरलेल्या अर्ध्या गोलाला जाऊन मिळत होते. एकूण एक बोल्ट घट्ट आवळलेला. तात्यासाहेबांची खुर्ची बरोबर रुळांच्या मधोमध होती.

बाहेर शिट्टी झाली. इंजिन धूर सोडत उंबरा चढून आत आलं आणि खुर्चीच्या पुढ्यात थांबलं. मुकिंदाचा चेहरा घामानं आणि आनंदानं निथळत होता.

"वैजूताई, पुढचा टप्पा!" तो म्हणाला. "बोगदा एकच मिळाला गावात, पण झकास आहे!"

तात्यासाहेब लालबुंद झाले. "उखडा! आत्ताच्या आत्ता उखडा हे सगळं! भाऊसाहेब, बघत काय बसलात?"

भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. सायंकाळ झाली होती. त्यांनी वही उघडली, ठरावावर बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सह्या तपासल्या. पहिली सही तात्यासाहेबांचीच होती, शाई अजून ओली होती.

"तात्यासाहेब," ते शांतपणे म्हणाले, "रूळ हलवता येणार नाहीत. खुर्चीबद्दल ठरावात काही लिहिलेलं नाही."