टुणीला थेंब मिळेना

एक होती बेडकी. एवढीशी. बोटाच्या पेराएवढी. तिचं नाव टुणी.

टुणी कुठे राहायची? मंजूमावशीच्या मागच्या दारी. अळूच्या पानाखाली. वर होता नळ. नळ गळायचा. टप. टप. टप. थेंब पडायचा पानावर. पानावरून टुणीच्या पाठीवर. टुणी ओली, टुणी खूश.

एक दिवस सकाळी काय झालं? टप नाही. टुप नाही. काहीच नाही.

टुणीची पाठ कोरडी. टुणीचं पोट कोरडं. बेडकीला कोरडं राहून चालतं का? मुळीच नाही. टुणीला भीती वाटली. जराशीच हं. मग ती म्हणाली, "माझा थेंब मी आणणारच."

टुणी निघाली. टुणुक टुणुक. नळाकडे गेली.

"नळोबा नळोबा, गळा ना.
टुणीला थेंब मिळेना."

नळ म्हणाला, "कसा गळू? जड पाणी पिऊन पिऊन तोंडावर थर आलाय. पांढरा पांढरा. लिंबू घासल्याशिवाय मी गळणार नाही."

नाही तर नाही. टुणी निघाली. टुणुक टुणुक. स्वयंपाकघरात गेली.

"लिंबूराव लिंबूराव, हला ना.
नळ गळेना,
टुणीला थेंब मिळेना."

लिंबू म्हणालं, "अख्खं लिंबू नळाला? मावशी रागावेल. आधी मला पोह्यांवर पिळतात. मग उरलेली फोड नळाला. पोहे भिजल्याशिवाय मी हलणार नाही."

नाही तर नाही. टुणी निघाली. टुणुक टुणुक. पोह्यांच्या डब्याकडे गेली.

"पोह्यांनो पोह्यांनो, भिजा ना.
लिंबू हलेना,
नळ गळेना,
टुणीला थेंब मिळेना."

पोहे म्हणाले, "ती कढई बघ. कालची वांग्याची भाजी चिकटलीय. शी! कढई उजळल्याशिवाय आम्ही भिजणार नाही."

नाही तर नाही. टुणी निघाली. टुणुक टुणुक. कढईकडे गेली.

"कढईबाई कढईबाई, उजळा ना.
पोहे भिजेनात,
लिंबू हलेना,
नळ गळेना,
टुणीला थेंब मिळेना."

कढई म्हणाली, "मला काय हौस आहे काळी राहायची? पण साबण फेसाळल्याशिवाय मी उजळणार नाही."

नाही तर नाही. टुणी निघाली. टुणुक टुणुक. साबणाकडे गेली.

"साबणदादा साबणदादा, फेसाळा ना.
कढई उजळेना,
पोहे भिजेनात,
लिंबू हलेना,
नळ गळेना,
टुणीला थेंब मिळेना."

साबण म्हणाला, "आपल्या भागातलं पाणी जड. घासून घासून झिजलो मी. फेस म्हणून येत नाही. पाणी उकळल्याशिवाय मी फेसाळणार नाही."

नाही तर नाही. टुणी निघाली. टुणुक टुणुक. पातेल्यातल्या पाण्याकडे गेली.

"पाणीबुवा पाणीबुवा, उकळा ना.
साबण फेसाळेना,
कढई उजळेना,
पोहे भिजेनात,
लिंबू हलेना,
नळ गळेना,
टुणीला थेंब मिळेना."

पाणी म्हणालं, "उकळलो की माझा पांढरा गाळ खाली बसतो. मी हलका हलका होतो. पण गॅस कोण लावणार? तू? मावशी उठल्याशिवाय मी उकळणार नाही."

नाही तर नाही. टुणी निघाली. टुणुक टुणुक. बाहेरच्या खोलीत गेली. तिथे बसली होती मंजूमावशी. मांडीवर तिची भाची रेवू. रेवू अडीच वर्षांची. रेवू रडत होती. भ्यॅं, भ्यॅं.

"मावशी मावशी, ऊठ ना.
पाणी उकळेना,
साबण फेसाळेना,
कढई उजळेना,
पोहे भिजेनात,
लिंबू हलेना,
नळ गळेना,
टुणीला थेंब मिळेना."

मावशी म्हणाली, "कशी उठू गं बाई? जड पाण्यात धुतला, फ्रॉक वाळला पापडासारखा. रेवूला टोचतोय. बदलू म्हटलं तर हात लावू देत नाही. रेवू हसल्याशिवाय मी उठणार नाही."

आता टुणी दमली होती. पाठ अगदी सुकली होती. पण टुणी ती टुणीच. रेवूच्या पायाशी गेली. टुणुक टुणुक.

"रेवूताई रेवूताई, हस ना.
मावशी उठेना,
पाणी उकळेना,
साबण फेसाळेना,
कढई उजळेना,
पोहे भिजेनात,
लिंबू हलेना,
नळ गळेना,
टुणीला थेंब मिळेना."

रेवू म्हणाली, "मी नाही हसत. गंमत केल्याशिवाय हसणार नाही."

आता कोणाकडे जायचं? कोणी उरलंच नव्हतं. उरली होती फक्त टुणी.

"हात्तिच्या," टुणी म्हणाली. "एवढंच ना?"

टुणीनं गळा फुगवला. आणखी फुगवला. आणखी, आणखी फुगवला. बेडकी एवढीशी आणि गळ्याचा फुगा एवढा मोठा.

डरॉंव!

रेवू खुदकन हसली. खी खी खी.

रेवू हसली, फ्रॉक बदलला. जुना, मऊ मऊ घातला.
मावशी उठली. गॅस लावला. फक्क.
पाणी उकळलं. खदखद खदखद. गाळ बसला, वरचं पाणी निवलं.
साबण फेसाळला. फस फस फस.
कढई उजळली. लख लख लख.
पोहे भिजले. फोडणीत पडले. चर्र.
लिंबू हललं. पोह्यांवर पिळलं. पिच्च.
आणि उरलेली फोड? मावशीनं नळाच्या तोंडाला बसवली. टोपीच घातली म्हणा ना.

सगळ्यांनी पोहे खाल्ले. मग मावशीनं फोड काढली. नळ घासला. खस खस. पांढरा थर गेला. नळ सोडला. धो धो. नळ बंद केला.

टप.

"अगं बाई, गळतोय की," मावशी म्हणाली. तिनं हात पुढे केला. आता ती नळ घट्ट पिळणार. परत पानाखाली येऊन बसलेल्या टुणीनं डोळे मिटले.

रेवूनं मावशीचा पदर ओढला. "नको पिळू. तो टुणीचा थेंब आहे."

मावशी खाली वाकली. पानाखाली बघितलं. म्हणाली, "होय की. मग राहू दे हो तिचा तिला."

टप. पानावर.
टप. टुणीच्या पाठीवर.
टुणी ओली. ओलीचिंब.