मऊ फोम, कडक फोम

"मऊ मारू की कडक, महाराज?"

हेमराज ठवकरनं खिशातून फोमचे दोन तुकडे काढून मठात बिसन महाराजांसमोर ठेवले. हेमराज भंडाऱ्याकडचा बांधकामाचा ठेकेदार. प्रश्न विचारायची त्याला हौस फार, उत्तरासाठी थांबायची सवय मात्र नव्हती.

"हा मऊ, हा कडक. पत्र्याला आतून पिचकारीनं मारायचा. बघता बघता फुगतो आणि फट न् फट भरून काढतो. वर सत्तेचाळीस डिग्रीचं ऊन असो, खाली गारवा!"

महाराजांनी मऊ तुकडा दाबला. तो पुन्हा फुगला. त्यांना मजा वाटली, म्हणून आणखी दोनदा दाबून पाहिला.

"हे सगळं कोणासाठी?"

"बाबूजींसाठी." हेमराजचा आवाज खाली आला. "आईचा शेवटचा उन्हाळा तापल्या पत्र्याखाली गेला, महाराज. तेव्हा मी दुसऱ्यांची घरं बांधत फिरत होतो. बाबूजींना तरी..."



बाबूजी म्हणजे त्याचे वडील, लहानुजी. ते काही लांब नव्हते. तिथंच मठाच्या ओसरीत चिंचा फोडत बसले होते. मठावरही पत्रेच होते, आणि तेही चांगले तापलेले.

"मंग हे रोज दुपारी इथं काहून येतात?" महाराजांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही! मागच्या खोलीत नमुन्याला मऊ मारला. कोपरे, पत्र्याची टोकं, सगळं भरलं. खिडकीसुद्धा बुजवून टाकली. गार हवा बाहेर जायला नको ना! दिवसभर कूलर चालू. तरी जेवण झालं की हे चपला घालून निघाले मठात. लोक मला विचारतात, बाप घरात काहून थांबत नाही..."

"पोरा, त्या खोलीत घाम..." लहानुजी म्हणाले.

"एक मिनिट, बाबूजी. मी बोलतोय ना."

लहानुजी पुन्हा चिंचा फोडू लागले.

"आता माझा विचार असा, की सगळीकडे कडकच मारावा. म्हणजे..."

"ते खिडकी..."

"बाबूजी, हे नवीन काम आहे. तुम्हाला नाही समजायचं."

महाराजांनी दोन्ही तुकडे बाजूला सारले.

"हेमराज, श्वास घे."

त्यानं घेतला.

"सोडू नको. आणखी घे."

घेतला.

"आणखी..."

हेमराजचे गाल फुगले, कान लाल झाले.

"घे, घे. बाहेर जायला नको ना!"

"आधी सोडू तर द्या!" हेमराजनं फुस्सकन श्वास टाकला. "आत जागा कुठं आहे, महाराज?"

ओसरीत हशा पिकला. लहानुजींना तर हसता हसता ठसका लागला. हेमराजही हसला... आणि मधेच थांबला.

त्यानं बापाकडे पाहिलं. या माणसानं तीस उन्हाळे घरोघरी जाऊन कूलरच्या बाजूच्या ताट्यांत वाळ्याची खस भरली होती. हेमराज त्याच वासात लहानाचा मोठा झाला. आणि घरात कूलर बसवताना त्यानं बापाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

"बाबूजी... काय होतं त्या खोलीत?"

"घाम वाळत नाई रे. अंग चिपचिप करते. कूलर हवा आत फेकते, तं तिले बाहेर जायले वाट पायजे का नाई? खिडकी मोकळी कर. पंधरा दिवस झाले सांगून राहिलो."

"करतो. आजच करतो."

हेमराज उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. दोन्ही तुकडे त्यानं त्यांच्या हातात दिले.

"आणि पत्र्याला? मऊ मारू की कडक?"

लहानुजींनी चिंचेचे हात धोतराला पुसले. एक तुकडा दाबला, दुसऱ्यावर नख मारून पाहिलं. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"आता कसं आहे," ते म्हणाले, "कूलर म्हटला म्हणजे ओल आली. मऊवाला पाणी पेते, म्हणून..."

हेमराजला ते ठाऊकच होतं. त्यानं लगेच तोंड उघडलं.

महाराजांनी बोट वर केलं.

"श्वास घे."