कोरडं सिमेंट

गर्भगिरीच्या डोंगरावर मंडळींनी ख्रिस्ती साधनाघर बांधलं, माणसांना चार दिवस शांतपणे प्रार्थनेत राहता यावं म्हणून. कुणी दगड दिले, कुणी दारं. वस्तीतल्या बायकांकडे देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी पायथ्याच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून वर वाहिलं. सिमेंट दिलं ठेकेदार अब्राहामराव उजागरे यांनी, आणि तेव्हापासून ते मालकासारखे वागू लागले.

उद्घाटनाच्या दिवशी ते दारात आडवे उभे राहिले. "आत पाहुणे बसतील. पाणीवाल्या बायकांनी बाहेर बसायचं. या भिंती माझ्या सिमेंटवर उभ्या आहेत."

पाणी वाहणाऱ्या बायकांतल्या रूथबाई पाटोळेंचं डोकं सणकलं.

"तुमचं सिमेंट खुशाल घेऊन जा," त्या म्हणाल्या. "पण त्यात आमचं पाणी कालवलंय, ते इथंच ठेवा. पोत्यात होतं तसं कोरडं सिमेंट न्या."

"डोकं ठिकाणावर आहे का, बाई? भिंतीतलं पाणी आता वेगळं कसं काढणार?"

"मग आम्हाला तरी कसं वेगळं काढता? व्हा बाजूला. बायका कधीच्या उन्हात उभ्या आहेत."