ओगिनीचा पडलेला दात

सांभाळून पाय टाका, फुलं तुडवू नका. या तळ्याकाठी जिकडे बघाल तिकडे हे पांढरं फूल. पाकळ्या मोजा. चार ना? पूर्वी आठ होत्या म्हणे! उरलेल्या चार कुठे गेल्या तेच सांगते. सांगताना मी हसले तर दातांकडे बघू नका, तेही आता पडायच्या वाटेवर आहेत.

आम्ही अनिशिनाबे, उत्तर अमेरिकेतल्या या तळ्यांच्या मुलखातले मूळ लोक. आमच्या बायकांची एक कला आहे. भूर्जाच्या सालीचा पातळ पापुद्रा घ्यायचा, दोनदा दुमडून चार पदर करायचे आणि दातांनी नक्षी टोचायची. तोंडात काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. घडी उलगडली की फूल समोर! साठ वर्षं हे करतेय, तरी उलगडेपर्यंत काय निघेल ते मलाही ठाऊक नसतं. मग त्या नक्षीवरून साळिंदराचे रंगवलेले काटे शिवायचे. काचेचे मणी फार नंतर आले.

फार पूर्वी इथे ओगिनी नावाची म्हातारी राहायची, असं सांगतात. तिचं आठ पाकळ्यांचं फूल दुसऱ्या कुणाला साधत नसे. तिच्या घरात बाळ जन्मलं की त्याला गुंडाळायच्या पट्ट्यावर ते फूल हवंच. नाहीतर पूर्वजांना आपलं लेकरू ओळखू येत नाही, अशी त्यांची समजूत. तिची नात नीबिन पोटुशी होती, आणि नेमका त्याच हिवाळ्यात ओगिनीचा समोरचा दात पडला.

तिने साल चावून पाहिली. पदर चार, म्हणून एका दाताची फट चारदा उमटली. निम्म्या पाकळ्या गायब! म्हातारी मोठी मानी. असलं अर्धं फूल पणतवंडाला देणार नाही म्हणाली आणि तोंडावर घोंगडी ओढून बसली. नीबिनने स्वतः चावून पाहिलं, तर साल आरपार फाटली. दाब हवा, जोर नको, हे आजी सांगायची तेव्हा हिचं लक्ष कुठे होतं? बर्फ वितळलं, मुलगी जन्मली, पट्टा मात्र कोराच.

तेव्हा नीबिन लेकीला पाठीवर घेऊन त्या समोरच्या भूर्जापाशी गेली. आमच्या रीतीप्रमाणे झाडाचा मान म्हणून बुंध्याशी तंबाखूची चिमूट ठेवली आणि शब्द दिला, जे फूल येईल ते तसंच शिवीन, पदरची एकही पाकळी घालणार नाही. मग ताजी साल आजीच्या हातात ठेवून म्हणाली, "आजी, हिला तू ओळखू यायला हवीस. ही फट बघून ती म्हणेल, ही माझी पणजी."

म्हातारीने घोंगडी बाजूला केली. चावलं. उलगडलं, तर चारच पाकळ्या. नीबिनने दिवसभर बसून त्या शिवल्या आणि लेकीला पट्ट्यात गुंडाळून तळ्यावर आणलं. बघते तर काठची सगळी फुलं चार पाकळ्यांची झालेली! पूर्वजांनी लेकरू ओळखलं, त्याची ही खूण, असं आमचे जुने लोक म्हणत. ओगिनी म्हणे तोंड उघडं टाकून हसली.

माझ्या नातीने परवा शाळेच्या भिंतीवर हेच फूल रंगवलं, दोन मजले उंच. शहरातल्या एका पाहुण्याने विचारलं, बाकीचं कधी पुरं करणार? ती म्हणाली, पुरं झालंय.

आजही आमच्या गावात साल निघाली की पहिला पापुद्रा दात पडलेल्या माणसाला मिळतो, मग ते पोर असो की म्हातारं. हा घ्या आजचा पहिला. तुमच्यात कोण आहे तसं? लाजू नका, या पुढे.